हुहताला बाईंचा सोफा

सोफा लिफ्टमध्ये मावेना, जिन्यात वळेना,
म्हणून तो त्यांनी मला दिला.
चौथ्या मजल्यावरून चौथ्याच मजल्यावर,
फक्त दार बदललं.
"कापून टाक," त्या म्हणाल्या.
"मांजर गेलं, आता बसतंय कोण?"

ताम्पेरेत नोव्हेंबर. साडेतीनला दिवस मिटतो.
मी ट्रामची पाळी संपवून येतो,
जेवणाच्या टेबलावर खाकी कागद पसरतो:
पाठ, डावा पुढा, उजवा पुढा, बाह्या,
आणि खांद्यांसाठी एकावर एक चढलेली खवलं,
कारण उत्सवात मी होणार आहे
दलदलीचा रखवालदार,
ज्याला राज्य नाही, घोडा नाही,
एक कंदील आणि हे जॅकेट.
वय बावन्न.
डेपोत कुणाला सांगितलेलं नाही.

कातड्याला टाचण्या चालत नाहीत
हे पहिल्याच रात्री कळलं.
कापडावर चुकलं तर उसवावं, इस्त्री फिरवावी,
कापड कानाडोळा करतं.
इथं भोक पडलं की पडलं.
माझ्या डाव्या पुढ्यावर अशी अकरा भोकं आहेत,
एका ओळीत, कुठंच न जाणारी.
मग मी वाळत घालायच्या कपड्यांचे चिमटे लावले;
टेबलावर साळिंदर झोपल्यासारखं दिसू लागलं.

मशीन उसनं. जाड शिवणीशी आलं की
अडून बसतं,
मग एकदम तीन टाके गाळून पळतं.
चौथ्या थराला सुई मोडली.
टोक कुठं उडालं ते अजून सापडलेलं नाही,
मी घरात बूट घालून फिरतो.

रात्री दहाला भिंतीवर तीन थापा.
मग दारावर.
हुहताला बाई, झोपायच्या झग्यावर लोकरीची शाल,
तक्रार ओठांवर तयार,
पण नजर टेबलाकडे गेली.
त्यांनी शिवण नखानं चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
"हे कुणी शिवलं?"
मी मान खाली घातली.
"मशीन बंद कर. मेण आहे?
नसेल तर मेणबत्ती आण."

एकतीस वर्षं त्या बुटांच्या कारखान्यात होत्या.
वरचं कातडं, डावा पाय.
कायम डावाच.
उजवा पलीकडच्या रांगेत सिर्का शिवायची,
दोघींचं काम एकमेकांना
थेट दुकानातल्या फळीवर भेटायचं.

आता आठवड्यातून तीन रात्री
आधी आरी, मग एक दोरा, दोन टोकांना दोन सुया,
एकाच भोकातून समोरासमोर जाणाऱ्या,
अरुंद बोळात दोन माणसं
अंग चोरून वाट देतात तशा.
"ओढ. इतकं नाही!
हा बूट नव्हे, आत कुणाला तरी श्वास घ्यायचाय."
माझ्या करंगळीच्या पेरात दोऱ्यानं चर पाडला.
त्यांच्या दोन्ही करंगळ्यांत तो आधीपासून आहे.
त्या अकरा भोकांवर त्यांनी एक खिसा ठोकून दिला,
कशासाठी ते विचारलं नाही.

पाठीच्या तुकड्यावर मांजराचे ओरखडे होते.
मी ते अस्तराकडे घेणार होतो.
"मिर्री पंधरा वर्षं खपली त्यावर," त्या म्हणाल्या,
"आणि तू लपवतोस?"
तेव्हा ठरलं: रखवालदाराच्या पाठीवर
दलदलीतल्या कुणीतरी
कधीकाळी पंजा मारला होता.

बाह्या चढल्या. कडेनं वाद्या ओवून झाल्या,
ढिल्या केल्या की माझ्या पोटाला पुरतील,
आवळल्या की कुणालाही.
आरसा फक्त न्हाणीघरात.
मी आधी त्यांनाच घालायला दिलं,
काखेतली शिवण ताणून बघायला.
त्या आत गेल्या. बराच वेळ बाहेर येईनात.
मी दाराशी, हातात मेणाचा गोळा मऊ होत चाललेला.
आत कातडं करकरलं,
थांबलं, पुन्हा करकरलं.
मग आवाज आला:
"वेइयो, मागच्या वाद्या जरा आवळ.
आणि तो तुझा कंदील
इकडे दे बघू."