पाव फेरा

हौसाबाई उतेकर पहिल्यांदा आली तेव्हा
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,
"जित्यापणी सरणात ऱ्हायला आलायसा व्हय?"
आणि मग चहा घेऊन
त्याच सरणाला टेकून दीड तास बसली.

तापोळ्याच्या वर,
धरणाचं पाणी दिसेल न दिसेल अशा उतारावर
एकशे चौदा ओंडके.
खालच्या ओळी नीलगिरीच्या, वरच्या सिल्व्हर ओकच्या,
पाचगणीहून दोन ट्रक.
प्रत्येकाच्या बुडाला धाकलू मेस्त्रींनी खडूनं घातलेला आकडा.
ह्यांनी प्रॉव्हिडंट फंड ओतला, मी पाटल्या.
कापलेलं झाडही पावसाळ्यात फुगतं, उन्हात आवळतं,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
श्रावणात दार मिटत नाही,
चैत्रात कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही.

दसरा झाला की कुलूम गवताची झड उतरवते.
पश्चिमेची भिंत उघडी पडते,
आजाऱ्याची पाठ पुसायला उघडावी तशी.
मग बोटाच्या पेरानं एकेक ओंडका वाजवत जायचं,
कलिंगडवाला वाजवतो तसं.
टण. टण. टण.
सतरा नंबर: भद.
स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर मुठीपर्यंत आत.
बाहेर आला तो ओला, भिजलेल्या चहापत्तीचा वास घेऊन.

तीन भाग जवसाचं तेल, एक भाग टर्पेंटाइन.
फटीत काथ्या ठासायचा, वर राळ.
खालच्या चार ओळींना काजूच्या टरफलाचं तेल;
पंधरा दिवस माझीच कातडी निघत राहते
आणि भाकरी थापताना झोंबतं.
भुंग्यानं पाडलेलं भोक इतकं गोल
की मेस्त्रींचं गिरमीट लाजावं.
खाली रव्यासारखा भुसा.
बुजवायला लांबी मळून ठेवते,
पण आतून घूं घूं येत असेल
तर तो बाहेर पडेपर्यंत थांबते.
तेवढ्यात लांबी वाळते. पुन्हा मळते.

चौथ्या पावसाळ्यात ह्यांचा दमा उठला.
डॉक्टरांनी बुरशी म्हटलं आणि भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघितलं.
आता हे साताऱ्यात, सदरबझारात,
लेकाच्या दुसऱ्या मजल्यावर.
"फरशी पुसली की संपलं," म्हणतात,
जरा शरमून.
रोज सातला फोन.
माझं नंतर विचारतात.
आधी, "सतरा नंबर कसाय?"

व्हरांड्याला चार खांब,
प्रत्येकाच्या पायाशी लोखंडी स्क्रूजॅक.
आडव्या ओंडक्यांची भिंत वाळत वाळत खाली येते,
उभा खांब येत नाही.
त्याला उतरवलं नाही
तर तो छपराला कोपर मारून उचकटतो.
म्हणून वर्षातून एकदा पाना लावून सैल करायचं.
पहिल्या वर्षी चार फेरे.
मी घाबरले होते, घर खचलं म्हणून.
मेस्त्री विडी विझवून म्हणाले,
"खचत न्हाई बाई, जम बसतोय तिचा."
दुसऱ्या वर्षी दोन. मग दीड, एक, पाऊण...
दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागून लिहीत आलेय.

यंदा पाव.
फोनवर सांगितलं. हे गप्प.
मागे लिफ्टचा आवाज, कुणाचा तरी टीव्ही.
"म्हणजे थांबत आलं की गं," म्हणाले,
आणि खोकले, बराच वेळ.
मी फोन कानाला धरून
मोकळ्या हातानं खांब चाचपत राहिले.

सतरा नंबर काढायला मेस्त्रींचा नातू आला,
खिशात मोबाइल, मोबाइलमध्ये गाणी.
भिंत तात्पुरती टेकूवर,
आणि त्या भगदाडातून पहिल्यांदाच
स्वयंपाकघरात बसून धरण दिसलं, स्पष्ट.
"खिडकी ठेवू का काकू?"
क्षणभर मोह झाला.
"नको. ओंडका घाल."

जुना हौसाबाईला दिला, चुलीला.
तिनं उचलून बघितला, हुंगला, खाली टाकला.
"ह्यो तर सरणालाबी उपेगाचा न्हाई,"
आणि बसली, चहाची वाट बघत.

नव्याच्या बुडाला मीच खडूनं सतरा घातला.
मेस्त्रींच्या साताची शेपटी लांब असायची.
माझी तोकडीच आली.