मधला वॉशर

सकाळी साडेपाचला हिप्परग्याच्या तळ्यावर
मी बोटीचे दागिने पुसायला बसतो.
चार खुंट्या दोराच्या, दोन कड्या वल्ह्यांच्या,
पुढच्या कठड्याचा नळा.
सगळं ॲल्युमिनियम. जर्मन म्हणायची अम्मा.

हे गंजत नाही, असं दुकानदारानं सांगितलं.
खरंय. लोखंडासारखं लाल होऊन बोंबलत नाही.
पांढरं पडतं.
बोटीवर बोट फिरवलं की
बोटाला रांगोळी लागते.

सोडा लावू नको, युसूफ मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी दटावलं, काळं पडेल.
आणि तारेचा काथ्या तर नकोच बे,
लोखंडाचे कण मागं राहतात, नंतर हलत नाहीत.
चिंच घे.

मी चिंच कोळतो.
पुसायला टॉवेल, त्याला काय तोटा!
अठरा वर्षं एमआयडीसीत टेरीच्या कडा शिवल्या,
कारखाना बंद झाला तेव्हा
थकल्या पगारात दोन पोती सेकंडचा माल मिळाला,
त्यावर कुठल्याशा परदेशी हॉटेलाचं नाव उलटं विणलेलं.
त्या उलट्या नावानं घासतो.

मग घरून आणलेल्या कॅनमधलं पाणी, दोन तांबे.
आमच्या गल्लीत नळ पाच दिवसांआड येतो.
तळ्यातल्या बोटीला घरचं पाणी नेतात होय,
विजयालक्ष्मी विचारते.
आंबट धुऊन काढलं नाही तर तेच खात बसतं, मी सांगतो.
ती नुसती बघते माझ्याकडं.

ऊन वर यायच्या आत मेण.
इथलं ऊन; नळा तापला की
मेण बसत नाही, डाग धरतं.

राहिले स्क्रू. खरा आजार तिथं.
स्टीलचे आहेत, चकचकीत, त्यांना काही होत नाही.
ज्याला काही होत नाही
त्याला टेकून बसलेलं झिजतं.
दोघांच्या मधे थोडी ओल पुरते.
मधे काहीतरी पाहिजे, युसूफ म्हणाला,
प्लास्टिकचा वॉशर, नाहीतर ट्यूबचं रबर.

बोट माझी आणि श्रीहरीची.
सोमवार ते गुरुवार त्याची, पुढं माझी.
चावी चहावाल्याकडं ठेवतो, पैसेही.
अम्मा असताना पंगतीत ती मधे बसायची,
एका हातानं त्याला वाढायची, एका हातानं मला.
तीन वर्षं झाली.

मागच्या रविवारी सायकलच्या ट्यूबचे
नऊ गोल कापले, नऊ स्क्रूंखाली घातले.
दहाव्याला ट्यूब पुरली नाही.
राहू दे म्हटलं.

आज शुक्रवार.
दहाव्याखाली निळं काहीतरी दिसलं.
हवाई चपलेचं रबर.
गोल म्हणावा तर गोल नाही,
पतंगाचा कागद कापतानाही
त्याची कात्री अशीच डावीकडं जायची.

मेणाची डबी उघडीच राहिली, ऊन वर आलं.
मी तो काढला नाही.
स्क्रू अर्धा फेरा आवळला,
फार नाही;
रबर फार दाबलं की फुटतं.