शेरा

मंगळवार, चार ते सहा. व्हायाडक्टच्या पायथ्याशी
घडीची खुर्ची, थर्मास, नारिंगी जाकीट,
क्लिपबोर्डाला दोरीने बांधलेली पेन्सिल.
थंडीत पेन दगा देतं, म्हणाली कर्स्टन,
जणू नेब्रास्कात सप्टेंबरातच बर्फ पडतो.

तिने खडूने आडवी रेघ ओढून दिली.
ही ओलांडली की एक.
तोच माणूस परत आला की आणखी एक.
सायकल हातात धरून चालणारा मोजायचा नाही,
तो पादचारी, त्यांची मोजणी वसंतात.
आणि पंधरा मिनिटांत कोणीच आलं नाही
तर शून्य लिही. रिकामं सोडू नकोस.
रिकामा चौकोन म्हणजे तू नव्हतीस.
शून्य म्हणजे तू होतीस.

एकतीस वर्षं याच रस्त्याने मी शाळेची बस चालवली.
मोजायची सवय आहे. मुलं चढताना, उतरताना,
आणि शेवटी वाकून प्रत्येक सीटखाली,
एखादं झोपलेलं राहिलं तर नाही ना.
सायकलवाले मात्र तेव्हा माझ्या खिजगणतीत नव्हते.
आरशाच्या कडेला काहीतरी डुगडुगायचं,
मी हॉर्न द्यायचे.

सव्वाचारपर्यंत शून्य.
एक मालगाडी गेली, एकशे सात डबे.
ते कोणी विचारलेले नाहीत.

मग म्हातारा कुचेरा, टोपलीत टोमॅटो.
गेला, आला. गेला, आला. गेला, आला.
येताना डोळा मारून म्हणाला,
पालिकेला जरा गर्दी दिसू दे.
चार उभ्या, त्यांवर एक आडवी, जुडी बांधल्यासारखी,
आणि शेजारी एक सुटी.
सहाही कुचेराच. नियमात बसतं.

पाच वीसला मांसाच्या कारखान्याची पाळी सुटली.
दुरून दिसले: फुटपाथवरून, एकामागे एक,
पोरांच्या मापाच्या सायकली, गुडघे बाहेर,
हँडलला पिशवीत पांढरे रबरी बूट.
मी पेन्सिल उचलली. फुटपाथवर: हो. हेल्मेट: नाही. दिवा: नाही.

पुढच्याने माझं जाकीट पाहिलं, कागद पाहिला,
आणि उतरला.
मागचे उतरले. त्यांच्या मागचेही.
अनोळखी कुत्र्याजवळून घोडा न्यावा
तशा सायकली धरून चालत आले,
चाकांची टिकटिक तेवढी.

तुम्ही कुठल्या ऑफिसच्या?
कुठल्याच नाही, म्हटलं. वाट होणार आहे इथे, कदाचित.
किती जण जातात ते कळलं तर.
नावं लिहिता?
नाही हो, नुसत्या रेघा. मी कागद वळवून दाखवला.
त्याने कुचेराची जुडी पाहिली, बराच वेळ.
मग म्हणाला, हळू, शब्द जपून ठेवत,
आज इकडून कोणी गेलं नाही.

बारा जण. मोजायचे नव्हते, मोजले गेले.
धान्याच्या कोठाराच्या सावलीत पोचल्यावर
एकेक टांग वर गेली, आणि ते
दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिले, सवयीने,
शेवटचा कोणी मागे राहिला तर नाही ना.

चौकोन समोर होता. नियमाने शून्य.
मी होते, म्हणून शून्य. तेही होते, पण ते
माझ्या पेन्सिलीला सांगायचं नव्हतं.
कागदाच्या तळाशी शेऱ्याची ओळ असते,
तिथे बहुतेक लोक हवा कशी होती ते लिहितात.
बारा लिहिलं, खोडलं. इतकं खोडलं
की कागद पातळ झाला.
मग लिहिलं: रस्ता वापरात आहे.

खुर्ची मिटताना दिसलं, खडूची रेघ
फुटपाथच्या बाजूला पुसून गेली होती,
बुटांनी की चाकांनी, कोण जाणे.
तेवढ्यात कुचेरा पुन्हा आला, धापा टाकत.
सहा वाजून दोन मिनिटं झाली, मी म्हटलं,
आता तुम्ही धरले जात नाही.
बरं झालं, म्हणाला,
आणि रेघ जिथे होती तिथून
घंटी वाजवत गेला.