सोळा अक्षरांत

सापडला तेव्हा तो एक रेघ होता,
काचेवर, केसाएवढी,
आणि ती रेघ मला नाही, ब्लाझेनाला दिसली.
दुर्बिणीपाशी कुडकुडत मी बसलो होतो
म्हणून शोध माझा. नियम तसा आहे.

आधी नाव नसतंच.
साल, पंधरवड्याचं अक्षर, आणि रांगेतलं स्थान,
दवाखान्यात टोकन देतात तसं.
मग हरवला. सापडला. पुन्हा हरवला.
चौथ्या खेपेस ठरल्या रात्री ठरल्या जागी आला
तेव्हा कुठे पक्का क्रमांक पडला.
अकरा वर्षं गेली.

आता नाव ठेवायला दहा वर्षांची मुदत.
नावं ठेवायला गावाला एक संध्याकाळ पुरते,
असं खानावळीतला ओल्द्रिख म्हणाला
मिशीवरचा बियरचा फेस पुसत.

मी नियमांचा कागद वाचून दाखवला:
सोळा अक्षरांच्या आत, जमल्यास एकच शब्द.
सेनापती, पुढारी चालतील,
पण जाऊन शंभर वर्षं झालेले.
पाळीव प्राणी शक्यतो नकोत.
"म्हणजे आमचा बोका गेला," ब्लाझेना म्हणाली.

"तुझंच नाव देतोय."
तिने चष्मा पुसला.
सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली तिने काचा मोजल्या,
हजार ठिपक्यांत एखादी रेघ,
बोटं उघडी ठेवणारे लोकरी मोजे घालून,
कारण शेगडी पलीकडच्या खोलीत, आमच्यासाठी.
"माझं नाव दगडावर येणारच आहे की.
वडिलांशेजारी जागा घेऊन ठेवलीय.
ओल्शिंका लिही."

ओल्शिंका. आमच्या लिपीत सात अक्षरं.
व्ल्तावावर धरण झालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती.
आधी चर्चची घंटा उतरवली, मग शाळेची कौलं,
मग पाणी.
नकाशावरून गाव खोडायला आलेला माणूस
तिच्या आईच्या हातचा मनुकांचा पाव
दोनदा मागून खाऊन गेला.

समितीला मी चार ओळी लिहिल्या.
शेवटची: सध्या वस्ती नाही.
ती कुठल्या ओल्शिंकाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही.

मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी
टेकडीवर धुकं, घुमट बंद.
ब्लाझेनाने पत्र उभ्यानेच वाचलं.
"फिरतो का स्वतःभोवती?"
सात तासांत एकदा, मी म्हटलं.
"आणि पाणी?"
थेंबभरही नाही.
"मग ठीक," ती म्हणाली,
आणि पुढची काच दिव्याखाली सरकवली.