अलाइक

सेलूत, स्टेशन रोडला,
पाच बाय नऊच्या गाळ्यात
मी दिवसभर रंगाला रंग लावते.
अस्तर, फॉल, टू-बाय-टू. पिकोचे पैसे वेगळे.
बायका पिशवीतून पदराचं टोक काढतात,
म्हणतात, सेम टू सेम पायजे.
सेम टू सेम नसतंच,
हे बावीस वर्षांत मी कुणाला सांगितलं नाही.
धंदा आहे.

यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरला.
इंग्रजी राहिलेलं, तेवढंच.
तहसीन मॅडम ईशाच्या नमाजनंतर येतात,
शटर अर्धं खाली, गल्ल्यावर वही.

काल म्हणाल्या, आजचा शब्द अलाइक.
मी म्हटलं, सारखा.
हां, पण हा जरा मानी आहे.
अलाइक साड्या, असं म्हणायचं नाही.
साड्या आधी येऊ द्यायच्या, दोन्ही,
मग क्रियापद, मग हा, सगळ्यांच्या मागं,
बोहल्यावर नवरीच्या पाठीशी मामा उभा असतो तसा.
आणि एकटीला लागत नाही.
शी इज अलाइक लिहिलं की मार्क गेला.
दोघी लागतात.

मला हसू आलं.
आमच्यात बरंय, म्हटलं,
माज्यागत म्हणा, माज्यावानी म्हणा,
लेकरू बापावर गेलंय म्हणा,
बाप जाग्यावर नसला तरी चालतंय.

करा वाक्य, म्हणाल्या.
मी लिहिलं, माय सिस्टर अँड आय आर अलाइक.
त्यांनी टिक केली.
बरोबर?
एकदम बरोबर.
मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
व्याकरणाला काय ठाऊक,
सिस्टर गंगाखेडला असते,
अकरा वर्षं झाली, बोलचाल नाही.
सारख्या वाटण्या करा, माय म्हणून गेली.
पाटल्या दोन. लांबून बघितल्या तर सारख्या.
एक आतून झिजलेली.
ती कुणाला आली ते मी सांगत नाही.

आज दुपारी, पॅसेंजर जाऊन गेल्यावर,
एक पोरगी आली. कॉलेजात असंल.
पिशवीत वांगी रंगाची साडी.
मी दोन थान उलगडले,
ट्यूबखाली दोन्ही लागत होते.
तिनं काही विचारलं नाही.
कापड उचललं, दारात गेली, उन्हात,
पदरावर कापड ठेवलं, एक डोळा मिटला,
मान डावीकडं टाकली
आणि ओठ असे आत घेतले
की माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.
हे कुणी शिकवत नाही.
हे आमच्या मायचं.

कुठली गं?
गंगाखेडची. साडी आईची आहे.
आईचं नाव विचारायला तोंड उघडलं
आणि टेप किती मीटरची आहे ते बघत बसले.
बोर्डावर माझं नाव नाही,
नुसतं मॅचिंग सेंटर.

दोन्ही सारखेच वाटतात हो, म्हणाली, कोणतं घेऊ?
दोन्ही घेऊन जा. आईला दाखव. दारात नेऊन दाखव.
जे नाही जमलं ते वापस द्यायला
आईलाच पाठव.
पैसे?
तेव्हा बघू.

रात्री मॅडमना विचारलं,
आमच्या सारखीला आणखी एक अर्थ आहे.
तिच्यासारखी, तो एक.
आणि सारखी आठवते,
म्हणजे थांबतच नाही, तो दुसरा.
तिथं अलाइक चालंल का?
मॅडम म्हणाल्या, नाही. तिथं वेगळा शब्द लागेल.
परीक्षेत येतो का तो?
ह्या धड्यात नाही.

मग राहू द्या, म्हटलं,
आणि शटर ओढलं.
डावीकडून ते नेहमीच अडतं.