खाऱ्या पाण्याचं माप

दिवसभर मी समुद्रातून मीठ काढते.
म्हणजे यंत्रं काढतात; मी नमुना नळीत धरते,
आकडा लिहून खाली सही करते,
आणि सोहार शहर पाणी पितं.

घरी, मागच्या अंगणात,
एसीच्या नळीखालची बादली भरलेली असते.
तेही मोजलं एकदा, सवयीनं.
मीठ नाही, चुना नाही, कसलाच अंश नाही.
इतकं कोरं, की नुसतं तेच पाजलं
तर झाड उपाशी मरेल.
म्हणून वाळूत बकरीचं खत, अंड्यांच्या टरफलांची पूड,
वरून खजुराच्या झावळ्यांचा चुरा.

ऑक्टोबरात सहा रोपं लावली.
पहिली फुलं आली तशी गळाली,
रात्र तव्यासारखी तापलेली असायची.
मग एका पहाटे पायाशी चादर शोधावी लागली
आणि त्याच आठवड्यात फळ धरलं.
मधमाश्या आमच्या भिंतीआड येत नाहीत;
विद्याधर दात घासायचा विजेवरचा ब्रश
फुलाच्या देठाला टेकवतो, पराग उडतो.
‘एवढं शिकून हेच करायचं होतं,’ म्हणतो,
आणि दुसऱ्या सकाळी न सांगता पुन्हा टेकवतो.

दोन दिवस निझवाला गेलो, पाणी चुकलं.
फळांनी ते बुडाशी काळ्या डागात
लिहून ठेवलं.

शेजारच्या बागेतले खमीस आले,
हिरवं फळ अंगठ्यानं दाबून पाहिलं.
‘रंग फिरायला लागला की
माझ्या विहिरीचं पाणी घाल. थोडंच.’
ती विहीर मला ठाऊक आहे.
समुद्र तिच्यात शिरला
तेव्हा त्यांची लिंबं उभीच्या उभी वाळली.
‘जरा सोसलं,’ ते म्हणाले, ‘की गोडी धरते.’

मला हे वाक्य आवडलं नाही.
आमच्याकडे ते बायकांना सांगतात.
तरी त्यांचा डबा घेतला,
तीन झाडांना कपभर खारं दिलं, तीन कोरी ठेवली.
प्रयोगशाळेतली बाई, दुसरं काय करणार!

फेब्रुवारीत पहिली परडी.
खाऱ्याची फळं लहान, सालीला निबर,
आणि गोड. खरंच गोड.
ओजसनं एक नाकाशी धरलं.
‘आई, टोमॅटोला वास का येतोय?’
सात वर्षांचा आहे. इथेच जन्मला.
मी उत्तर दिलं नाही, अजून एक कापला.

खमीसांकडे वाटीभर पाठवले.
ओजस सांगत आला:
त्यांनी आधी त्यावर मीठ भुरभुरलं,
मग खाल्ले.

बिया जुन्या अहवालाच्या पाठीवर वाळत घातल्यात,
एका कोपऱ्यात ‘खारं’, दुसऱ्यात ‘कोरं’.
चार वर्षं टिकतात म्हणे.
आमचा व्हिसा दोनच वर्षांचा.
पाकीट मी पासपोर्टांच्या खणात ठेवणार होते,
मग स्वयंपाकघरात ठेवलं,
मिठाच्या बरणीशेजारी,
सहज हाताला लागेल असं.