येणे

बिटको चौकातून आत, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर
आमचं समुपदेशन केंद्र :
चार खुर्च्या, एक पडदा, टिश्यूचा खोका.
बोरस्ते मॅडम ऐकतात, मी लिहिते.
लोकांचं नाही, त्यांच्या ऐकण्याचं :
तारीख, नाव, सहाशे.

मार्चअखेर मी दरवर्षी वही बंद करते.
त्या वर्षी वहीनेच आम्हाला बंद केलं.

मग फोनवर सुरू झालं.
लोक बोलायचे न्हाणीघरातून, नळ सोडून,
गच्चीवर टाकीमागे, उभ्या रिक्षात बसून.
मॅडम दिवसाला अकरा जणांना ऐकायच्या
आणि कोणीतरी विचारायचं,
फोनवर पण फी लागते का हो?
नुसतं बोलायचंच तर आहे.

नुसतं.
हा शब्द मी वहीच्या मागच्या पानावर उतरवला,
त्याखाली वीजबिल.

विमा कंपनीचं पत्र आलं, मन पॉलिसीत बसत नाही.
बँकेच्या अर्जात रकाने :
यंत्रसामग्री. कच्चा माल. शिल्लक साठा.
मी लिहिलं, खुर्च्या, चार.
साहेबांनी काचेपलीकडून विचारलं,
ताई, तुमच्याकडे तयार काय होतं?
मला सांगता येईना,
आणि मागे रांग होती, सहा-सहा फुटांवर.

जूनमध्ये म्हटलं, मॅडम, आता वसुली करू.
त्या म्हणाल्या, कर. तो शब्द तेवढा वापरू नकोस,
आणि आधी विचार, कसे आहात.
तिथेच फसलं.
कसे आहात विचारलं की लोक सांगतात.
तस्नीम कोकणी, नर्स, अठराशे बाकी :
चाळीस मिनिटं सांगत होती
किटच्या आत घाम कसा डोळ्यांत उतरतो
आणि पुसता येत नाही.
मग वॉर्डातून हाक आली.
अठराशे माझ्या तोंडातच राहिले.

शेवाळे, दोन हजार चारशे :
फोन धाकट्या भावाने उचलला.
दादा गेला, म्हणाला, मंगळवारी.
मी पेन्सिलीने बारीक लिहिलं, बुडीत.
मॅडमनी ते खोडलं.
लिही, येणे नाही.

आव्हाड मालक दर पाच तारखेला जिन्यात येऊन खोकायचे.
त्या दिवसांत खोकणं म्हणजे धमकीच.
मॅडमनी पाटल्या मोडल्या.
माझा पगार पाकिटात घालून पुढे केला,
मी त्यांच्या मनगटांकडे न बघता घेतला.

प्रेसचा भोंगा पुन्हा वाजू लागला, तेव्हा गायधनी आले.
नोटांच्या छापखान्यात तपासनीस.
दिवसभर कोऱ्या नोटांत खोट शोधायची,
आणि घरीही तेच :
कुलूप सातदा, गॅस सातदा, हात सातदा.
साथ आली आणि जग त्यांना म्हणालं,
बरोबर करताय, अजून धुवा.
आख्खी गल्ली त्यांच्यासारखी वागायला लागली
आणि ते आणखीच एकटे पडले.
सहा बैठका, सगळ्या उधारीवर.

टेबलाशी उभं राहून त्यांनी शंभराच्या नोटा काढल्या.
एकदा मोजल्या.
बोट ओलं करायला मास्कपर्यंत गेलं,
थांबलं.
घ्या, म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

मी मोजल्या. सदतीस.
छत्तीस हव्या होत्या.
पुन्हा मोजल्या. सदतीसच.
ज्या माणसाची मोजणी बावीस वर्षांत चुकली नाही
तो शंभर रुपयांनी चुकला होता.
पडदा सारून मॅडमना सांगितलं.
त्या आधी हसल्या,
मग टिश्यूचा खोका स्वतःकडे ओढला.

भाडं अजून तीन महिन्यांचं थकलंय.
अर्ज बँकेतच आहे.
वहीत नवीन पानावर लिहिलंय :
गायधनी, देणे, शंभर.
मागायला आले तर लगेच देईन.
येऊ नयेत, असं वाटतं.